पगारातून कापलेले २०० रुपये आणि बहात्तरचा दुष्काळ

परवा एका शिक्षक मित्राने पगाराची स्लिप पुढे धरली आणि विचारलं, "हा व्यवसाय कर कशाचा रे? दर महिन्याला २०० कापतात, फेब्रुवारीत तर ३००." वर्षाचे २,५०० होतात. मग मी गावातल्या आणखी चार-पाच नोकरदारांना विचारलं. एकालाही सांगता आलं नाही. म्हणून हे लिहितोय. पोस्ट लांब आहे, पण वाचा. हवामान बदलाच्या नावाने आज ज्या योजना येतायत, त्यांना विचारायचा प्रश्न याच स्लिपमध्ये आहे.

गोष्ट बहात्तरच्या दुष्काळाची. १९७० पासूनच पाऊस ओढ देत होता, १९७२ ला तर पाठच फिरवली. माझी आई तेव्हा अकरा-बारा वर्षांची. आजीबरोबर रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. अमेरिकेतून आलेला लाल मिलो आणि कामावर मिळणारी सुकडी तिला अजून आठवते. मिलोचं नाव काढलं की तोंड वाकडं करते, पण लगेच म्हणते, "तेच खाऊन जगलो."

मे १९७३ मध्ये राज्यभरातल्या दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती, त्यात बायका मोठ्या संख्येने. एवढं पीक बुडूनही मोठ्या प्रमाणावर भूकबळी गेले नाहीत, त्याचं मोठं कारण ही कामं. ती सहज मिळाली नाहीत. काम द्या, मजुरी वेळेवर द्या, म्हणून मजुरांनी मोर्चे काढले, संप केले. तरीही ती होती मदतच. काम कधी काढायचं आणि कधी बंद करायचं, हे सरकार ठरवणार. मागणाऱ्याच्या हातात काही नव्हतं.

ते बदलण्याचा विचार वि. स. पागे यांनी आधीच मांडला होता. पागे विधान परिषदेचे सभापती. १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात त्यांच्या कल्पनेतून एक प्रयोग झाला. जो काम मागेल त्याला काम द्यायचं, एवढं साधं सूत्र. दुष्काळाने या सूत्राची गरज सगळ्या राज्याला पटवली. रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. मागणी केल्यावर १५ दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता. १९७२ ला जे उपकार म्हणून मिळत होतं, ते आता हक्काने मागता येणार होतं. पुढे २००५ साली देशाने जो कायदा केला, त्याची मुळं इथे आहेत.

आता त्या २०० रुपयांकडे येऊ. हमी द्यायची तर पैसा कुठून आणायचा? त्यासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर आला. मुंबई-पुण्यातला पगारदार, डॉक्टर, वकील, व्यापारी यांनी थोडं थोडं द्यायचं आणि सरकारने तेवढीच भर घालायची. ज्याचा पगार पावसावर अवलंबून नाही, त्याने पावसावर जगणाऱ्याचा भार थोडा उचलायचा. जगाने १९९२ मध्ये रिओच्या हवामान करारात हेच तत्त्व लिहिलं, की जबाबदारी सगळ्यांची, पण ऐपतीप्रमाणे वेगवेगळी. नुकसान सोसणाऱ्या गरीब देशांसाठी वेगळा निधी काढायचं ठरायला मात्र २०२२ उजाडलं. महाराष्ट्राने आपल्या घरात हा हिशेब रिओच्या सतरा वर्षं आधी मांडला होता.

फक्त कौतुक करून थांबलो तर ते खोटं ठरेल. हमीच्या कामांत खोटी हजेरीपटं निघाली, मजुरी महिनोन्‌महिने रखडली. जमलेला सगळा पैसा दरवर्षी हमीवर खर्च झाला, असंही नाही. आणि एक अन्याय तर कामाच्या रचनेतच होता. पाझर तलाव खोदला, बांध घातले भूमिहीनांनी. पाणी वाढलं ते ज्यांच्याकडे जमीन होती त्यांच्या विहिरीला. मजुराला तेवढ्या दिवसांची मजुरी मिळाली आणि पुढच्या उन्हाळ्यात तो पुन्हा कामाच्या शोधात. आजीने ज्या रस्त्याची खडी फोडली त्या रस्त्याला लागून आमचं एक गुंठाही नव्हतं.

आज पाऊस आणखी लहरी झालाय. कधी महिनाभर खंड, कधी एका रात्रीत ढगफुटी. मग तलाठी येतो, पंचनामा होतो, ३३ टक्क्यांपेक्षा जास्त नुकसान असेल तर मदत मिळते. शेतकऱ्याला ती मिळायलाच हवी, मिळते तीही तुटपुंजी आहे. पण पंचनामा सातबाऱ्यावर चालतो. कपाशी पाण्यात गेली तर वेचणीची मजुरीही गेली, ती कुठल्या रकान्यात लिहायची? बटईने कसणाऱ्याचं काय? आयुष्यभर शेतात राबलेल्या, पण उताऱ्यावर नाव नसलेल्या बाईचं काय? ज्याचं नाव सातबाऱ्यावर नाही, त्याचं नुकसान झालंच नाही असं कागद म्हणतो.

म्हणून शेततळं असो, सोलर प्रकल्प असो की पीक विमा, योजना आली की माझे तीनच प्रश्न असतात. पैसा कोण देतंय? लाभ कोणाच्या नावावर जमा होतोय? आणि ज्याच्याकडे जमीन नाही, त्याला हक्काने काय मागता येईल? पहिल्याचं उत्तर आपण १९७५ लाच दिलं होतं. दुसरं तेव्हाही चुकलं आणि आजही चुकतंय. तिसऱ्याचं उत्तर तेव्हा होतं, नव्या योजनांच्या कागदात मला ते सापडत नाही.

पुढच्या ग्रामसभेत अतिवृष्टीचा विषय निघाला तर एवढंच विचारा, शेतमजुरांची यादी कुठे आहे? आणि तुमच्या घरातलं कोणी बहात्तरला कामावर गेलं असेल, तर त्यांच्याशी बोलून इथे लिहा. ही माणसं आता थकत चाललीत.