सिसलॉग

सिसलॉग ही सर्व्हर, राउटर इत्यादी यंत्रणांतील घडामोडींच्या नोंदी ठरावीक स्वरूपात लिहिण्याची, पाठविण्याची व साठविण्याची प्रमाणित पद्धत आहे. या नोंदींना 'लॉग' असे म्हणतात. सर्व्हरमधील इतर बिघाड लॉग पाहून शोधता येतात. मात्र नोंदप्रणालीच बंद पडली तरी सर्व्हरचे दैनंदिन काम बहुधा चालू राहते. त्यामुळे हा बिघाड नोंदींची गरज भासेपर्यंत ध्यानात येत नाही.

इतिहास

१९८०च्या दशकात एरिक ऑलमन यांनी 'सेंडमेल' या ईमेल-प्रणालीसाठी सिसलॉग तयार केले. पुढे युनिक्स व तत्सम प्रणालींत त्याचा प्रसार झाला. प्रचलित पद्धतीचे वर्णन २००१ मध्ये 'आरएफसी ३१६४' या दस्तऐवजात करण्यात आले. २००९ मधील 'आरएफसी ५४२४' या प्रमाणकाने त्याची जागा घेतली. लिनक्स सर्व्हरवर आरसिसलॉग, सिसलॉग-एनजी आणि सिस्टमडी-जर्नल हे कार्यक्रम प्रामुख्याने वापरले जातात.

संदेशाची रचना

प्रत्येक संदेशाला उगम व तीव्रता दर्शविणारे क्रमांक असतात. तीव्रतेच्या ० ते ७ अशा आठ पायऱ्या असून ० म्हणजे आणीबाणी, ३ म्हणजे त्रुटी आणि ७ म्हणजे दोषशोधनासाठीचा तपशील होय. उगमाच्या क्रमांकाला ८ने गुणून त्यात तीव्रता मिळविली की संदेशाचा अग्रक्रम मिळतो. उदाहरणार्थ, उगम ४ व तीव्रता २ असल्यास अग्रक्रम ३४ होतो.

सामान्य बिघाड व निदान

निदानाचा आरंभ चाचणी-संदेशाने करतात. लिनक्सवरील 'लॉगर' या आज्ञेने संदेश पाठवून तो फाइलमध्ये उमटतो की नाही हे पाहतात. तो न उमटल्यास पुढील कारणे तपासली जातात.

* कार्यक्रम बंद असणे : विन्यास-फाइलमधील चुकीमुळे नोंद करणारा कार्यक्रम सुरूच होत नाही, किंवा चुकीच्या नियमामुळे संदेश गाळले जातात.
* डिस्क भरणे : जुन्या नोंदी ठरावीक काळाने वेगळ्या करून काढून टाकणारी 'लॉगरोटेट' ही व्यवस्था बंद पडल्यास डिस्क भरते. उघडी असलेली फाइल नुसती पुसल्याने जागा मोकळी होत नाही. कार्यक्रमाने ती बंद करावी लागते.
* परवानगी नसणे : फाइलची मालकी बदलल्यास कार्यक्रमाला तीत लिहिता येत नाही.
* नोंदी तात्पुरत्या राहणे : सिस्टमडी-जर्नलच्या नोंदी केवळ स्मृतीत ठेवल्या जात असतील, तर सर्व्हर पुन्हा सुरू होताच त्या नष्ट होतात.
* संदेश वाटेत हरवणे : सिसलॉगचे संदेश परंपरेने यूडीपीच्या ५१४ या पोर्टवरून जातात. साध्या टपालाप्रमाणे त्यांची पोच मिळत नाही, म्हणून फायरवॉलने अडविलेला संदेश पाठविणाऱ्याला कळत नाही. टीसीपी वापरल्यास हा धोका कमी होतो. टीएलएस वापरल्यास गोपनीयताही राखली जाते.

वेळेतील तफावत

जुन्या स्वरूपातील संदेशात वर्ष व कालविभाग यांचा उल्लेख नसतो. एक सर्व्हर भारतीय प्रमाणवेळेवर व दुसरा जागतिक समन्वित वेळेवर असल्यास एकाच क्षणाच्या नोंदींत साडेपाच तासांचा फरक दिसतो आणि घटनांचा क्रम उलटसुलट लागतो. नव्या स्वरूपात वर्ष व कालविभाग दोन्ही लिहिता येतात. तरीही सर्व घड्याळे एनटीपीद्वारे जुळलेली असणे आवश्यक असते.

भारतातील नियम

सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अंतर्गत निर्देश काढले. त्यांनुसार सेवापुरवठादार, डेटा सेंटर, कंपन्या व शासकीय संस्थांनी मागील १८० दिवसांचे लॉग सुरक्षित ठेवणे, सायबर घटनेची माहिती ६ तासांत कळविणे आणि घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा यांच्या वेळेशी जुळविणे बंधनकारक आहे.

अशा नोंदींचे महत्त्व आर्थिक गुन्ह्यांत विशेष जाणवते. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवरील सायबर हल्ल्यात सुमारे ९४ कोटी रुपये अनेक देशांतील एटीएम व आंतरराष्ट्रीय हस्तांतरणाद्वारे काढले गेले. अशा प्रकरणांत कोणत्या यंत्रणेत, केव्हा व कोणत्या क्रमाने प्रवेश झाला हे ठरविण्यासाठी लॉग हा प्रमुख आधार असतो. घुसखोर सर्व्हरवरील नोंदी पुसू शकत असल्याने त्यांची प्रत त्याच वेळी स्वतंत्र यंत्रावर पाठविणे आणि चाचणी-संदेश तेथे पोहोचतो की नाही हे नियमितपणे पाहणे इष्ट मानले जाते.

हेही पाहा

* लिनक्स
* संगणक सुरक्षा
* माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २०००