तळटीप : कावासाकीचा हिरवा रंग

कावासाकी या जपानी कंपनीच्या शर्यतीच्या मोटारसायकली आधी तांबड्या-पांढऱ्या असत. ‘लाइम ग्रीन’ म्हणजे कच्च्या कागदी लिंबासारखा, पण त्याहून भडक असा हिरवा रंग त्यांच्यावर चढला तो १९६९ मध्ये, फ्लोरिडातील डेटोनाच्या शर्यतीसाठी. अमेरिकी शर्यतींच्या वर्तुळात हिरवा रंग अपशकुनी समजला जाई आणि १९२० मध्ये बेव्हर्ली हिल्सच्या शर्यतीत मरण पावलेल्या गॅस्टन शेव्हरोलेच्या हिरव्या मोटारीचा दाखला त्यासाठी हमखास दिला जाई. वास्तविक १९६५ साली जिम क्लार्कने इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यत हिरव्या लोटसमधूनच जिंकली होती, तेव्हा ही समजूत पोकळच म्हणावी लागेल. इतरांनी टाळलेला हा रंग दुरूनही नजरेत भरे. कंपनीच्या अमेरिकेतील शर्यत-उपक्रमाचे ‘टीम ग्रीन’ हे नाव त्यावरूनच पडले.