गवताचं यंत्र, बर्फाची फळी

तर झालं असं. मिलवॉकीजवळच्या एका गावात घर घेतल्यानंतरचा आमचा पहिला हिवाळा. अपार्टमेंटमध्ये राहत होतो तोवर बर्फ म्हणजे खिडकीतून बघायची आणि पुण्याला फोटो पाठवायची गोष्ट होती. घर घेतल्यावर कळलं की घरापुढचा फुटपाथ नगरपालिकेचा असला, तरी त्यावर पडलेला बर्फ आपला असतो! बर्फ थांबल्यापासून चोवीस तासांत तो काढायचा, नाहीतर नगरपालिका माणूस पाठवते आणि बिल आपल्या नावावर.

दोन शनिवार फावड्याने बर्फ उपसला. तिसऱ्या शनिवारी कंबरेने जाहीर संप पुकारला. गॅरेजमध्ये आधीच्या मालकाने सोडून दिलेला लॉनमोअर होता, ढकलत मागून चालायचा, साधा, मागची चाकं इंजिनवर फिरणारा. मनात आलं, इंजिन आहे, चाकं आहेत, याला पुढे एक फळी लावली की झालं! सॉफ्टवेअरवाल्याला हार्डवेअर फार सोपं वाटतं, हा आमचा जुना रोग.

प्लास्टिकचा एक ड्रम उभा चिरून त्याची अर्धी पन्हळ घेतली. मोअरच्या पत्र्याला चार भोकं पाडून अँगल बसवले. खालचं पातं दगडाला लागेल म्हणून काढून ठेवलं. दोरी ओढली, तर दोरीने मलाच ओढलं. असा हिसका बसला की खांदा दोन दिवस दुखत होता. नंतर कळलं की या हलक्या इंजिनांचं फ्लायव्हील फार लहान असतं आणि कमी पडणारं वजन खाली फिरणारं पातं पुरवतं. पातं काढलं की इंजिन उलटा झटका देतं. मग मुकाट्याने पातं परत लावलं. यंत्र सुरू झालं, दोन-तीन मीटर गेलं, चाकं जागच्या जागी गरगरायला लागली, पत्र्याखाली बर्फ भरला आणि इंजिन बंद. थोडक्यात, मी फावड्यानेच बर्फ ढकलत होतो, फक्त त्या फावड्याचं वजन तीस किलो होतं. :)

तेवढ्यात शेजारचे आजोबा बाहेर आले. वय अठ्ठ्याहत्तर, बायपास झालेली, आणि फावड्याला हात लावायचा नाही अशी डॉक्टरची सक्त ताकीद. (ही ताकीद उगीच नसते. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, त्यात हातांनी वजन उचलायचं म्हणजे रक्तदाब चढतो. इथे दर हिवाळ्यात बर्फ उपसताना माणसं दगावल्याच्या बातम्या असतात.) आजोबांच्या पुढे दोन चाकांचं एक जुनं धूड भकभक करत चाललं होतं, त्याच्या नाकावर लोखंडी पातं. त्यांनी आपला फुटपाथ साफ केला, मग न विचारता माझा. वीस मिनिटंही लागली नाहीत. मी विचारलं, हे नुसतं बर्फाचं यंत्र आहे का? म्हणाले, छे, उन्हाळ्यात यानेच गवत कापतो.

आता आली का पंचाईत? म्हणजे त्यांचंही गवत कापायचं यंत्र, माझंही गवत कापायचं यंत्र. दोघांच्या पुढे फळी. मग त्यांचं का चालतं आणि माझं का नाही? पुढचे दोन वीकांत याच प्रश्नात गेले.

आधी गणित उरकून टाकू. ताजा भुसभुशीत बर्फ घनमीटरला साधारण शंभर किलो भरतो, ओला असेल तर त्याच्या तिप्पट-चौपट. साठ सेंटिमीटर रुंद फळी पंधरा सेंटिमीटर बर्फातून सरळ ढकलली, तर दर मीटरला नऊ किलो बर्फ समोर साचतो. दोन मीटरला अठरा. आता तीस किलोच्या यंत्राला बर्फावर मिळणारी पकड त्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाइतकी धरा. म्हणजे जोर आला सहा किलोचा. साचलेला ढीग सरकवायला पाच-सहा किलो जोर लागायला लागला की खेळ खलास. म्हणजे इंजिन किती हॉर्सपॉवरचं आहे याला फारसा अर्थच नाही. चाकांवर वजन किती पडतं, ते महत्त्वाचं. आणि लॉनमोअरचा सगळा इतिहास हा वजन कमी करण्याचा इतिहास आहे.

त्याची सुरुवात कापडापासून होते. इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरशायरच्या स्ट्राउडजवळ लोकरी कापडाच्या गिरण्या होत्या. विणलेल्या कापडावर बारीक लव उभी राहायची. ती सफाचट करायला गोल फिरणाऱ्या पात्यांचं एक यंत्र असायचं. एडविन बडिंग नावाच्या तिथल्या कारागिराच्या डोक्यात आलं की कापडावरची लव कापता येते तर जमिनीवरचं गवत का नाही? १८३० मध्ये त्याने पेटंट घेतलं. पहिलं यंत्र लोखंडाचं, १९ इंच रुंद आणि इतकं जड की मागून ढकलणाऱ्याच्या मदतीला पुढून ओढणारा दुसरा माणूस घेता यावा म्हणून पुढेही मूठ होती. तोवर हिरवळ राखायची म्हणजे कुशल विळेवाल्यांची फौज हवी, नाहीतर मेंढ्या. लंडनच्या प्राणिसंग्रहालयाने यातलं एक यंत्र अगदी सुरुवातीला घेतलं होतं.

बडिंगनंतरच्या लोकांची सगळी धडपड हे ओझं हलकं करण्याची. मध्येच १८९०च्या दशकात लँकेशायरच्या जेम्स समनरने वाफेवर चालणारा मोअर काढला, तो अर्थात उलट्या दिशेला गेला. पेट्रोल इंजिन आलं, मग आडवं फिरणारं एकच पातं आलं. सिडनीत मर्विन व्हिक्टर रिचर्डसनने १९५२ मध्ये घरच्या गॅरेजात जो व्हिक्टा मोअर जुळवला, त्याच्या पहिल्या नमुन्याची पेट्रोलची टाकी म्हणजे पीच फळांचा रिकामा डबा होता. हे वाचून मला माझ्या ड्रमच्या फळीबद्दल जरा बरं वाटलं. पण मुद्दा बघा. गवत कापायला जोर लागत नाही, वेग लागतो. हिरवळीवर जड चाकं फिरली तर चाकोऱ्या पडतात. म्हणून हलकं, वेगवान, स्वस्त. माझ्या गॅरेजमधला मोअर या घराण्यातला.

आजोबांच्या यंत्राचं घराणं वेगळं. त्याचा मूळपुरुष वेस्ट व्हर्जिनियातल्या डनबारचा बेंजामिन फ्रँकलिन ग्रेव्हली. धंद्याने फोटोग्राफर! याला परसातली भाजी पिकवायची हौस, आणि हाताने ढकलायच्या नांगराचा कंटाळा. म्हणून त्याने इंडियन मोटरसायकलच्या इंजिनचे भाग वापरून एका चाकाचा, मागून चालत हाकायचा नांगर बनवला. १९१६ मध्ये त्याचं पेटंट मिळालं आणि १९२२ मध्ये कंपनी निघाली. पुढे तीसच्या दशकात दोन चाकांचं 'मॉडेल एल' आलं आणि किरकोळ बदल होत ते कित्येक दशकं बनत राहिलं. त्यात चाकांपर्यंत ताकद न्यायला पट्टा नाही की साखळी नाही, सगळे गिअर, सगळं ओतीव लोखंड. रिव्हर्ससुद्धा आहे, जो बर्फात फार लागतो. आणि खरी गंमत पुढच्या तोंडाला. तिथे इंजिनची ताकद बाहेर काढणारा दांडा आणि चार बोल्ट. नांगर लावा, गवताचं पातं लावा, झुडपं कापायची करवत लावा, नाहीतर बर्फाची फळी. आमच्या भाषेत सांगायचं तर एक प्लॅटफॉर्म आणि वर हवी ती ॲप्स, फक्त १९३०च्या दशकात आणि लोखंडात.

हे वजन गवतासाठी नव्हतंच, मातीसाठी होतं. माती फोडायला पकड लागते, पकडीला वजन लागतं. म्हणून फळी लावल्यावर आजोबांचं यंत्र गरगरत नाही. शिवाय चाकांना साखळ्या. शिवाय ती फळी बोल्टने घट्ट आवळलेली नसते, स्प्रिंगवर असते. फुटपाथच्या उंचावलेल्या फरशीला कड अडली की पातं मान तुकवतं आणि पुढे जातं. माझी फळी अडली असती तर मूठ थेट माझ्या पोटात आली असती.

थोडं विषयांतर. इंग्रजीत या फळीलाही 'प्लाऊ'च म्हणतात, पण ती नांगरत काहीच नाही. तिचं काम आपल्याकडे भातशेतीत चिखलणीनंतर फळी मारतात तसं आहे. आणि हे आठवलं तेव्हाच डोक्यात प्रकाश पडला की आजोबांचं यंत्र मी आधी पाहिलेलं आहे! कोकणात मामाच्या शेतात. आपण त्याला पॉवर टिलर म्हणतो. तेच दोन हातांचं लांब हँडल, तीच दोन चाकं, फक्त इंजिन डिझेलचं. लहानलहान कुणग्यांमध्ये मोठा ट्रॅक्टर वळतच नाही, तिथे हे वळतं. जून-जुलैत लोखंडी जाळीची चाकं लावून चिखलणी, आणि भात घरात आलं की मागे ट्रॉली जोडून चिरे, खत आणि आम्ही पोरं. ती जाळीची चाकं आणि आजोबांच्या साखळ्या एकाच दुखण्यावरचा उपाय आहेत, एक चिखलातला, एक बर्फातला. आपल्याकडे हे यंत्र जपानमार्गे आलं. बंगळुरूच्या व्हीएसटीने १९६७ मध्ये मित्सुबिशीबरोबर आणि केरळच्या कॅमकोने १९७३ मध्ये कुबोटाबरोबर त्याचं उत्पादन मांडलं. स्वित्झर्लंडमध्ये रॅपिड ही कंपनी १९२६ पासून डोंगरउतारावर गवत कापायची दोनचाकी यंत्रं करत होती. डोंगरातले शेतकरी हिवाळ्यात अशाच यंत्रांना बर्फाची फळी लावतात. म्हणजे 'मोअरला फळी' ही कल्पना वेडगळ नव्हतीच. माझा मोअर चुकीचा होता.

मग एवढी शहाणी कल्पना अमेरिकेतल्या घराघरांत का टिकली नाही? याचं उत्तर माझ्या घरापासून अर्ध्या तासावर सापडलं. मिलवॉकीच्या ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन कंपनीने १९५३ मध्ये हलकं ॲल्युमिनियमचं छोटं इंजिन आणलं. त्याआधी १९४७ पासून न्यूयॉर्कजवळ लेव्हिटटाउन उभं राहत होतं, एकसारखी घरं, प्रत्येकापुढे हिरवळ, आणि ती आठवड्यातून एकदा कापायचीच असा करारातच नियम. अशी उपनगरं देशभर पसरली. प्रत्येक घराला मोअर हवा, पण नांगर कोणालाच नको! इंजिन इतकं स्वस्त झालं की एका इंजिनला चार अवजारं जोडण्यापेक्षा चार अवजारांना चार इंजिनं लावणं सोपं पडायला लागलं. आणि खरं सांगायचं तर थंडीत बधिर बोटांनी बोल्ट फिरवायची हौस कोणाला असते?

बर्फासाठी मग वेगळंच यंत्र आलं. माँट्रियालच्या आर्थर सिकार्डने १९२५ मध्ये बर्फ गिळून लांब फेकणारं यंत्र केलं होतं, पण ते ट्रकएवढं. ते रस्त्यांसाठी होतं. १९२७ मध्ये तिथल्याच आउटरमाँट गावाने ते घेतलं. मोटारी येण्याआधी उत्तरेकडच्या बऱ्याच गावांत बर्फ काढतच नसत, उलट मोठे लाकडी रूळ फिरवून दाबून टाकत, म्हणजे घसरगाड्या छान चालतील. बर्फ हा शत्रू झाला तो रबरी टायरमुळे. पन्नासच्या दशकात टोरोने मागून चालायचा छोटा ब्लोअर आणला आणि १९६० मध्ये विस्कॉन्सिनच्याच ब्रिलियन गावातल्या एरियन्सने आपला. ब्लोअर बर्फ ढकलत नाही, उचलून बाजूला फेकतो. ढीग समोर साचत नाही, म्हणून वजन कमी असलं तरी चालतं. माझ्या वरच्या गणितातली मेखच त्यांनी काढून टाकली. मला हे फार आवडलं. आम्ही असं क्वचितच करतो, नाहीतर सर्व्हर वाढवत बसतो.

ग्रेव्हलीची कंपनी १९६० मध्ये मोटारी बनवणाऱ्या स्टुडबेकरने घेतली आणि हात बदलत १९८२ मध्ये ती एरियन्सकडेच आली. योगायोग असा की त्याच १९८२ पासून अमेरिकेत मागून चालायच्या मोअरला एक सक्तीचा नियम लागू झाला. हात सुटल्यावर तीन सेकंदांत पातं थांबलंच पाहिजे. त्यामुळेच आजच्या मोअरला मुठीजवळ दाबून धरायची ती कांब असते. आजोबांच्या यंत्राला असलं काही नाही. हात सुटला तर ते आपलं चालतच राहतं. त्यांच्या मुलीला याचीच धास्ती आहे. बायपास झालेला माणूस बर्फात घसरला तर यंत्र थांबणार नाही. ती दर थँक्सगिव्हिंगला ते विकून टाका म्हणते. फावडं हृदयाला वाईट, यंत्र पायांना वाईट, आणि बर्फ काढायला माणूस लावणं आजोबांच्या स्वाभिमानाला वाईट. मी एकदा म्हणालो, तुमचा फुटपाथ मी करतो. तर म्हणाले, कशाने?

शेवटी मी बॅटरीवर चालणारा ब्लोअर घेतला. त्याची बॅटरी त्याच कंपनीच्या मोअरला चालते, ड्रिललासुद्धा. म्हणजे एक ताकद आणि अनेक अवजारं हा ग्रेव्हलीचा मंत्र बोल्टांऐवजी खटक्याने परत आला आहे म्हणायचा. पण मोअर मात्र नवीन घेतलेला नाही. जुना चालतोय. ड्रमची फळी काढून टाकली, पण अँगलसाठी पाडलेली चार भोकं तशीच राहिली आहेत. दर उन्हाळ्यात त्यांतून ओलं गवत उडून आजोबांच्या कुंपणावर जातं, आणि ते त्यांचं धूड थांबवून, मान हलवत, माझं वळण होईपर्यंत बघत उभे राहतात.