गोळी लागूनही जे जगले

धुळ्याच्या 6 जानेवारी 2013 बद्दल कोणाशीही बोला, पहिला आकडा सहा हाच येतो. मच्छीबाजार भागात हॉटेलच्या किरकोळ बिलावरून भांडण झालं, दगडफेक झाली, पोलिसांनी गोळीबार केला आणि सहा तरुण गेले. सहाही मुसलमान, सहाही गोळीने. जखमी दोनशेच्या वर होते, त्यांत शंभराहून जास्त पोलीस होते, हेही सांगितलं पाहिजे. पोलीसच मोडतोड करत असल्याचे व्हिडिओ बाहेर आले, काही पोलिसांना अटक झाली, चौकशी आयोग नेमला गेला. इतकं आपल्याला पाठ आहे. पण गोळी लागली आणि तरी जे जगले, त्यांचं पुढे काय झालं?

जळगावच्या 8 मे 1970 च्या दंगलीचीही तीच तऱ्हा. न्या. मादन आयोगाने भिवंडी, जळगाव आणि महाडची चौकशी केली. तो अहवाल आजही वाचावा असा आहे. पण दंगल कशी पेटली, कोणी पेटवली, हे शोधणं हे आयोगाचं काम. जखमी माणूस तिथे साक्षीदार म्हणून येतो. साक्ष संपली की तोही संपतो.

गोळीची जखम घेऊन कोणी दवाखान्यात गेला की ती मेडिको-लीगल केस होते, म्हणजे पोलिसांना कळवावं लागतं. नियम योग्यच आहे. पण गोळी पोलिसांचीच असेल, तर जखमी माणसाने काय करायचं? ड्रेसिंगला गेलं तर दंगलीच्या गुन्ह्यात नाव येण्याची भीती, न गेलं तर जखम चिघळण्याची.

ही भीती पोकळ नाही. 10 जानेवारी 1993 ला मुंबईत वडाळ्याच्या हरी मशिदीत पोलिसांनी गोळीबार केला, सहा माणसं मेली. नमाजला गेलेल्या फारूक मापकर यांच्या खांद्यात गोळी लागली. बँकेत शिपायाची नोकरी करणारा हा माणूस. त्यालाच दंगलीचा आरोपी केलं. श्रीकृष्ण आयोगाने 1998 च्या अहवालात तो गोळीबार समर्थनीय नसल्याचं म्हटलं, तरी मापकरांचा खटला चालूच राहिला. 2008 अखेर उच्च न्यायालयाने तपास सीबीआयकडे दिला, 2009 मध्ये मापकर निर्दोष सुटले, आणि पुढे सीबीआयनेही प्रकरण बंद करण्याचाच अहवाल दिला. सोळा वर्षं कोर्टाच्या तारखांवर काढणाऱ्या माणसाला ‘आता विसर ते’ असं कोणत्या तोंडाने सांगायचं? त्याची जखम दर तारखेला नव्याने उघडत होती.

आता थोडं दूर जातो. ही गोष्ट आपल्याला अवघड वाटेल, म्हणूनच सांगतो. 12 जून 2016, रमजानचे दिवस. अमेरिकेतल्या ऑरलँडो शहरात ‘पल्स’ या समलिंगी लोकांच्या नाइटक्लबमध्ये एका माणसाने 49 जणांना ठार केलं. 53 जणांना गोळ्या लागल्या, ते वाचले. मारेकऱ्याने आयसिसचं नाव घेतलं. मेलेल्यांत बहुतेक जण लॅटिन घरांतले, पुष्कळसे पोर्तो रिकोकडचे. त्याच दिवशी रक्त द्यायला रांगा लागल्या. त्यांत रोजा असलेले मुसलमानही होते. मात्र ज्या पुरुषांचे वर्षभरात दुसऱ्या पुरुषाशी संबंध आले होते, त्यांना तिथल्या नियमाने रक्त देता येत नव्हतं. आपल्याच माणसांना रक्त देता आलं नाही!

ऑरलँडोने केलेल्या काही गोष्टी मात्र लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. मोठ्या रुग्णालयांनी बिलं माफ केली. लोकांनी दिलेल्या जवळपास तीन कोटी डॉलरच्या निधीतून मृतांच्या घरच्यांना, जखमींना आणि आत अडकून वाचलेल्यांनाही पैसे मिळाले. अंगाला ओरखडाही न येता बाहेर आलेला माणूससुद्धा जखमी असू शकतो, हे हिशोबात धरलं गेलं. स्पॅनिश बोलणारे मदतनीस असलेलं मदतकेंद्र सुरू झालं. एवढं होऊनही वर्षानुवर्षं फटाक्यांच्या आवाजाने दचकणारे, गर्दीत दार कुठे आहे ते आधी बघणारे लोक आहेतच. आणि काहींच्या घरच्यांना मुलगा समलिंगी आहे हे त्या रात्रीच कळलं. तो आता शुश्रूषेला जाणार कोणाच्या घरी?

धर्माच्या चर्चेत मी इथे शिरत नाही. खानदेशातही असे लोक आहेत, आपल्या मोहल्ल्यांतही आहेत. जळगाव तालुक्यातल्या भादली बुद्रुकने 2021 मध्ये अंजली पाटील या तृतीयपंथी उमेदवाराला ग्रामपंचायतीत निवडून दिलं. त्यांना महिला म्हणून उभं राहता यावं यासाठी आधी उच्च न्यायालयात जावं लागलं होतं. धुळ्याच्या जखमींकडे इतरांनी माणूस म्हणून बघावं असं आपण म्हणतो. मग ‘पल्स’मधल्या जखमींबद्दल ‘ते तसलेच होते’ असं चहाच्या टपरीवर ऐकून गप्प बसता येत नाही. मला तरी येत नाही.

धुळ्यात तेव्हा जो विशीतला होता, तो आता पस्तिशीकडे आला किंवा ती ओलांडून गेला. यंत्रमागावर पाळीभर उभं राहायचं, हातगाडी ओढायची, हमाली करायची, ही कामं अधू पायाने, अधू खांद्याने होत नाहीत. मरणाऱ्याच्या घरी लोक ताजियतला जातात, चाळीस दिवस तरी आठवण ठेवतात. जगलेल्याला ‘अल्लाहने वाचवलं, शुक्र कर’ एवढं सांगून आपण उठतो. तो शुक्र करतो, आणि रात्री जागा राहतो. त्याच्या बायकोला ते माहीत असतं, बाहेर कोणाला नाही.

धुळ्यात, जळगावात इतिहास आणि समाजकार्य शिकवणारी कॉलेजं आहेत. उर्दू, मराठी, अहिराणी तिन्ही भाषा जाणणारी मुलं तिथे बसतात. त्यांनी वह्या घेऊन या घरांत जावं. दंगल कोणी सुरू केली, हा प्रश्न नको. तो पुष्कळदा विचारून झाला. उपचाराला पैसे कुठून आले, सोनं मोडलं का, केस अजून चालू आहे का, पोरांनी शाळा सोडली का, झोप लागते का, हे विचारावं. पोलिसांच्या घरीही जावं, त्यांचेही जखमी आहेत. नाव नको म्हणतील त्यांचं नाव लिहू नये.