डेस्कटॉप संगणक कात केव्हा टाकतो?

नवा संगणक घेऊ पाहणाऱ्याला एक प्रश्न हमखास छळतो. आत्ताच घ्यावा, की थोडे थांबावे? आज घेतलेले यंत्र दोन महिन्यांत जुन्या रूपाचे ठरले, तर चुटपुट लागते. आणि थांबावे, तर हातातले काम अडते. म्हणूनच अमुक एका डेस्कटॉप संगणकाची पुनर्रचना केव्हा होणार, याविषयीचे तर्क बाजारात अखंड चालू असतात.

सर्वच संगणकांबाबत असे तर्क लढविले जात नाहीत. इंटेल कंपनीने १९९५ मध्ये 'एटीएक्स' हे प्रमाण ठरवून दिल्यापासून बहुसंख्य डेस्कटॉपच्या कॅबिनेटची मापे ठरून गेली. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून 'असेंबल' करून घेतलेल्या संगणकात मदरबोर्ड बदलता येतो, प्रोसेसर बदलता येतो. कॅबिनेट मात्र तेच राहू शकते. तेथे 'पुनर्रचनेचा दिवस' असा उगवतच नाही. ज्या संगणकाचे अंतरंग आणि बाह्यरूप एकाच कंपनीने एकमेकांसाठी घडविलेले असते, तेथेच हा प्रश्न उभा राहतो. अ‍ॅपलचे तीन डेस्कटॉप याचे ठळक उदाहरण आहेत : पडद्यामागेच सारा संगणक सामावून घेणारा आयमॅक, छोटेखानी चौकोनी मॅक मिनी आणि चित्रपट, संगीत, संशोधन अशा जड कामांसाठीचा मॅक प्रो. या तिघांचा इतिहास पाहिला, तर हे तर्क कोठे जुळतात आणि कोठे फसतात, हे उमगते.

पंचांग फसते ते येथे

स्टीव्ह जॉब्स यांनी पहिला आयमॅक मे १९९८ मध्ये जगापुढे ठेवला आणि ऑगस्टमध्ये तो विक्रीस आला. निळसर, अर्धपारदर्शक प्लास्टिकचे कवच, आत १५ इंची पिक्चर ट्यूब आणि फ्लॉपी ड्राइव्हला दिलेली रजा ही त्याची वैशिष्ट्ये होती. जानेवारी २००२ मध्ये त्याचे रूप पार पालटले. अर्धगोलाकार बैठक आणि तिच्यावर धातूच्या दांडीने तोललेला सपाट पडदा असा नवा आयमॅक आला. ऑगस्ट २००४ मध्ये बैठक नाहीशी झाली आणि सारा संगणक पडद्यामागे गेला. ऑगस्ट २००७ मध्ये पांढऱ्या प्लास्टिकची जागा अ‍ॅल्युमिनियम आणि काचेने घेतली. ऑक्टोबर २००९ मध्ये २१.५ आणि २७ इंचांचे रुंद पडदे आले, तर ऑक्टोबर २०१२ मध्ये कडेला अवघी ५ मिलिमीटर जाडी असलेला आयमॅक सादर झाला.

या तारखा ओळीने मांडल्या, की दोन-तीन वर्षांनी रूप बदलते, फार तर पावणेचार वर्षे लागतात, असा नियम सहज हाती लागतो. अनेकांनी तो लावला. त्या हिशेबाने पुढचे रूप २०१५च्या सुमारास यायला हवे होते. प्रत्यक्षात ते आले २० एप्रिल २०२१ रोजी, म्हणजे साडेआठ वर्षांनी. दरम्यान ऑक्टोबर २०१४ मध्ये पडदा '५-के' या अतिसूक्ष्म दर्जाचा झाला, डिसेंबर २०१७ मध्ये व्यावसायिकांसाठी आयमॅक प्रो विक्रीस आला. परंतु देह २०१२चाच राहिला. सरासरी काढून वर्तविलेले भविष्य येथे सपशेल कोसळले.

रूप कशाने ठरते?

संगणकाचा आकार आत दडलेल्या सर्वांत आडमुठ्या भागावरून ठरतो. तो भाग गेला, की कवच बदलण्यास वाव मिळतो. तो जागेवर असेपर्यंत रंग आणि कडा बदलण्यापलीकडे फारसे काही करता येत नाही.

पहिल्या आयमॅकमधील आडमुठा भाग म्हणजे पिक्चर ट्यूब. सपाट पडदे परवडू लागले, तेव्हा २००२चे रूप शक्य झाले. त्यानंतर जागा अडवून बसली ती सीडी-डीव्हीडी ड्राइव्ह. २०१२ मध्ये ती काढून टाकली, म्हणून कडा पातळ करता आल्या. मग उरली उष्णता. इंटेलचा प्रोसेसर थंड ठेवण्यासाठी पंखे लागत, हवा खेळण्यास वाट लागे. म्हणून आयमॅकच्या पाठीला फुगवटा राहिला. अ‍ॅपलने स्वतः आखलेला, कमी वीज खाणारा 'एम-१' प्रोसेसर आल्यावरच २०२१चा २४ इंची आयमॅक सर्वत्र सारख्या, ११.५ मिलिमीटर जाडीचा करता आला. तेवढ्यासाठीही वीजपुरवठ्याचा भाग पेटीबाहेर काढून वायरीवरील अ‍ॅडॉप्टरमध्ये न्यावा लागला. साडेआठ वर्षांच्या स्तब्धतेचे बरेचसे स्पष्टीकरण यातच आहे.

याला खर्चाचीही बाजू आहे. नवे कवच म्हणजे नवे साचे, जोडणीची नवी तंत्रे, नव्या चाचण्या. २०१२च्या आयमॅकची पातळ कड जोडण्यासाठी घर्षणाने धातू सांधणारे वेल्डिंगचे वेगळे तंत्र वापरावे लागले. तो संगणक जाहीर झाला ऑक्टोबरमध्ये. परंतु लहान पडद्याचा नमुना नोव्हेंबरच्या अखेरीस आणि मोठ्या पडद्याचा डिसेंबरमध्ये ग्राहकांपर्यंत पोहोचू लागला. ज्याचा खप मोबाइल फोनच्या मानाने फार थोडा, त्या डेस्कटॉपसाठी असा खर्च कोणतीही कंपनी वारंवार करीत नाही.

आत्मा आधी बदलतो, देह मागाहून

वाचकांना बुचकळ्यात टाकणारी गोष्ट अशी, की अंतरंगातील सर्वांत मोठे बदल बहुधा जुन्याच कवचात येतात. जानेवारी २००६ मध्ये आयमॅकने पॉवरपीसी प्रोसेसर सोडून इंटेलचा प्रोसेसर स्वीकारला. संगणकाच्या दृष्टीने हे जणू हृदयारोपणच. पण बाहेरून तो आदल्या नमुन्यासारखाच दिसे.

मॅक मिनीची कथा याहून बोलकी आहे. जानेवारी २००५ मध्ये ४९९ डॉलरला आलेल्या या संगणकाला जून २०१० मध्ये अ‍ॅल्युमिनियमचे नवे कवच मिळाले. पाया सुमारे २० सेंटिमीटर चौरस, उंची ३.६ सेंटिमीटर. पुढच्याच वर्षी त्यातील डीव्हीडी ड्राइव्ह गेली, तरी कवच तेच राहिले. २०१४, २०१८, २०२० आणि २०२३ मध्ये आतले भाग बदलले, एकदा रंगही बदलला. मापे जशीच्या तशी. नोव्हेंबर २०२०च्या 'एम-१' मिनीत तर पेटीतील बरीच जागा चक्क रिकामी होती. म्हणजे अडचण दूर झाली होती, तरी रूपांतर लगेच झाले नाही. ते झाले ऑक्टोबर २०२४ मध्ये. पाया १२.७ सेंटिमीटर चौरस, उंची ५ सेंटिमीटर. एक कवच चौदा वर्षांहून अधिक काळ टिकले.

यावरून निघणारा नियम असा, की आतील अडचण दूर होणे ही पुनर्रचनेची आवश्यक अट आहे, पुरेशी नव्हे. नव्या प्रोसेसरबरोबर जुने कवच ठेवले, तर एका वेळी एकच धोका पत्करावा लागतो, हा कारखानदारीतील जुना शहाणपणा येथेही लागू पडतो.

चुकलेल्या भाकिताची किंमत

केवळ ग्राहकांचेच अंदाज चुकतात असे नाही. खुद्द निर्मात्याचा अंदाजही चुकू शकतो. डिसेंबर २०१३ मध्ये मॅक प्रो काळ्या, चकचकीत नळकांड्याच्या रूपात विक्रीस आला. उंची सुमारे २५ सेंटिमीटर, मध्यभागी उष्णता शोषणारा त्रिकोणी गाभा आणि सर्वांसाठी मिळून एकच पंखा. पुढील काळात दोन ग्राफिक्स प्रोसेसर जोडीने काम करतील, असे गृहीत धरून तो घडविला होता. संगणकविश्व मात्र वेगळ्या दिशेने गेले. एकच, पण अधिक शक्तिशाली आणि अधिक तापणारा ग्राफिक्स प्रोसेसर रूढ झाला. नळकांड्यात त्याला जागा नव्हती.

एप्रिल २०१७ मध्ये कंपनीच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांनी निवडक पत्रकारांना बोलावून ही कोंडी मान्य केली. उष्णतेच्या बाबतीत आपण स्वतःलाच कोपऱ्यात अडकवून घेतले, असा त्यांच्या कथनाचा आशय होता. नवा मॅक प्रो येईल, पण २०१७ मध्ये नाही, हेही त्यांनी सांगितले. वर्षभराने २०१९ हे साल जाहीर झाले आणि डिसेंबर २०१९ मध्ये, बरोबर सहा वर्षांनी, सुटे भाग बदलता येणारा उभा मॅक प्रो विक्रीस आला. किंमत ५,९९९ डॉलरपासून पुढे. ज्यांचा चरितार्थ चित्रफितींच्या संकलनावर चालतो, त्यांच्या दृष्टीने ही सहा वर्षे केवळ उत्सुकतेची नव्हती. जुन्या यंत्रावर रेटावे, की सारा कारभार दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर न्यावा, हा निर्णय त्यांना तारीख ठाऊक नसताना घ्यावा लागत होता.

कंपन्या मौन का पाळतात?

मग कंपन्या आगाऊ तारीख का सांगत नाहीत? याचे उत्तर देताना अ‍ॅडम ऑस्बर्न यांच्या कंपनीचा दाखला दिला जातो. बालपण तामिळनाडूत गेलेल्या या ब्रिटिश लेखक-उद्योजकाने १९८१ मध्ये 'ऑस्बर्न-१' हा हातात धरून नेता येणारा, सुमारे ११ किलो वजनाचा संगणक १,७९५ डॉलरला बाजारात आणला. तो जोरात खपला. १९८३ मध्ये पुढील नमुन्यांची वाच्यता झाली, ग्राहक थांबले, जुना माल पडून राहिला आणि सप्टेंबर १९८३ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. प्रतिस्पर्ध्यांची सरशी आणि कारभारातील दोष हीही कारणे होती, असे अभ्यासक सांगतात. तथापि 'ऑस्बर्न परिणाम' हा शब्द रूढ झाला तो झालाच. नव्याची चाहूल जुन्याचा खप मारते, या भयापोटी कंपन्या अखेरच्या क्षणापर्यंत ओठ मिटून बसतात आणि त्या मौनाची पोकळी तर्क भरून काढतात.

या तर्कांतही डावे-उजवे असते. सुटे भाग पुरविणाऱ्या कारखान्यांतून आलेली माहिती बऱ्याचदा खरी ठरते. मॅक मिनी लहान होणार, हे वृत्त ब्लूमबर्गने ऑगस्ट २०२४ मध्ये, म्हणजे प्रत्यक्ष घोषणेच्या अडीच महिने आधी दिले होते. याउलट मोठ्या पडद्याचा नवा आयमॅक २०२२ मध्ये येईल, हे भाकीत फोल ठरले. मार्च २०२२ मध्ये २७ इंची आयमॅकची विक्रीच थांबली आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये, नव्या प्रोसेसरचा २७ इंची आयमॅक काढण्याचा विचार नसल्याचे कंपनीने स्पष्ट केले. थोडक्यात, घोषणा जितकी जवळ आणि तपशील जितका ठोस, तितका तर्क विश्वसनीय.

पाहायचे काय?

खरेदीदाराने यातून घ्यायचा बोध २०२० सालच्या दोन यंत्रांत सापडतो. जून २०२० मध्ये अ‍ॅपलने इंटेलला सोडचिठ्ठी देऊन स्वतःचे प्रोसेसर वापरण्याचा निर्णय जाहीर केला. त्यानंतर ऑगस्टमध्ये २७ इंची आयमॅक इंटेलच्याच प्रोसेसरसह, जुन्या कवचात आला. आणि नोव्हेंबरमध्ये 'एम-१'चा मॅक मिनी, तोही जुन्याच कवचात. रूप पालटण्याची वाट पाहणाऱ्याला ही दोन्ही यंत्रे सारखीच शिळी वाटली असतील. परंतु जून २०२५ मध्ये कंपनीने जाहीर केले, की 'टाहो' ही इंटेल प्रोसेसरवर चालणारी आपली अखेरची ऑपरेटिंग सिस्टिम असेल. तीन महिन्यांच्या अंतराने आलेल्या या दोन यंत्रांपैकी एकाची वाट तेथे संपते, दुसऱ्याची संपत नाही. आणि या ताटातुटीची घोषणा दोन्ही यंत्रे बाजारात येण्यापूर्वीच झालेली होती.

तेव्हा नवे रूप केव्हा, या प्रश्नाला खात्रीचे उत्तर नाही. आणि तो प्रश्न वाटतो तितका महत्त्वाचाही नाही. अंतरंगातील घराणे बदलण्याची जाहीर घोषणा झाली असेल, तर थांबण्यात शहाणपण आहे. निव्वळ पेटी बदलेल या आशेवर काम अडवून ठेवण्यात मात्र नाही. पेटी चौदा वर्षेही तशीच राहू शकते. शेवटी संगणकाचे आयुष्य तो दिसतो कसा यावरून मोजले जात नाही, त्याला नवी ऑपरेटिंग सिस्टिम आणि सुरक्षेच्या सुधारणा किती वर्षे मिळत राहतात यावरून मोजले जाते.