'इतर' नावाचा रकाना
कॉलेजात डेटाबेस शिकताना मला वाटायचं, जगातली प्रत्येक गोष्ट तक्त्यात बसवता येते. जॉन विल्किन्स (१६१४-१६७२) या इंग्लिश धर्मशास्त्रज्ञालाही तसंच वाटत होतं. धर्माच्या वादांनी पेटलेलं यादवी युद्ध त्याने पाहिलं होतं. राजाविरुद्ध लढलेल्या क्रॉमवेलची बहीण त्याची बायको. तरी राजेशाही परतल्यावर १६६८मध्ये तो चेस्टरचा बिशप झाला.

त्याच वर्षी त्याचा ग्रंथ आला. सगळ्या वस्तू-कल्पनांचे ४० वर्ग, आणि शब्दाच्या अक्षरांवरूनच त्याचा वर्ग कळेल अशी नवी भाषा! शब्द नेमके झाले, की त्यांच्या आड लपलेले धर्माचे घोळही उघडे पडतील, ही त्याची आशा. १६६६च्या लंडनच्या आगीत छापून झालेली बहुतेक पानं जळाली. त्याने काम पुन्हा उभं केलं.

ती भाषा कुणी बोललं नाही. पण अधिकृत चर्चबाहेरच्या प्रार्थनासभांवर बंदी घालणाऱ्या १६७०च्या कायद्याला त्याने, राजाची मर्जी मोडून, विरोध केला.

माझ्या प्रत्येक तक्त्यात शेवटी 'इतर' हा रकाना येतोच. पूर्वी तो मला माझा पराभव वाटायचा. आता विल्किन्स आठवतो: चाळीस वर्ग मांडूनही, वर्गाबाहेरच्यांसाठी उभा राहिलेला.