रामराम कोणाला, जोहार कोणाचा

२ मार्च १९३० रोजी नाशकात काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारोंची मिरवणूक पंचवटीत पोहोचली. मंदिराचे चारही दरवाजे बंद झाले आणि त्या दरवाजांसमोर सत्याग्रहींनी ठाण मांडले. हा लढा पुढची काही वर्षे दादासाहेब गायकवाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चालवला. त्याचा इतिहास मंदिरप्रवेशाचा इतिहास म्हणून लिहिला जातो, आणि ते योग्यच आहे. पण याच गावात आणखी एक दार बंद होते, त्याची दखल फारशी कोणी घेतली नाही. ज्या देवाचे दर्शन नाकारले जात होते, त्याचे नाव म्हणजे नाशिक परिसरात दोन माणसांच्या भेटीचा पहिला बोल. बांधावर, बाजारात, बैलगाडी आडवी आली तरी ‘रामराम’. रामाचे नाव घ्यायला तरी कोणाची आडकाठी नसावी, असे यावरून वाटेल. प्रत्यक्षात तेही सगळ्यांच्या वाट्याला सारखे आले नव्हते. गावकीतल्या महाराने वरच्या जातीच्या माणसाला भेटताच ‘जोहार’ घालायचा, हा रिवाज होता. मोल्सवर्थच्या कोशाने जोहार हा शब्द महारांचे अभिवादन म्हणूनच नोंदवला आहे. संतवाङ्मयातही जोहाराचे अभंग आहेत. स्वतः महार असलेल्या चोखोबांच्या नावावर ते आहेतच, शिवाय एकनाथांनी महाराची भूमिका घेऊन जोहार रचले. मात्र नाथांना भारूड संपल्यावर ती भूमिका उतरवून ठेवता येत होती.

या सगळ्या व्यवहाराची मेख शब्दात शोधून सापडत नाही. रामराम म्हटले की उलट रामराम येतो. जोहार म्हटला की उलट जोहार येत नसे. अभिवादनाची प्रतिष्ठा ठरते ती एवढ्यावरच: आपण दिलेला बोल समोरच्याकडून आहे तसा परत येतो की नाही. पत्रव्यवहारात तर हा हिशेब लेखी होता. जुन्या दप्तरांत मायना पाहिला की पत्र कोणी कोणाला लिहिले, त्यातला थोर कोण आणि धाकटा कोण, हे मजकूर न वाचताच कळते. ब्राह्मणास नमस्कार, मराठा सरदारास रामराम, वडिलांस तीर्थरूप, सवाष्णीस सौभाग्यवती, विधवेस गंगाभागीरथी. पायरी चुकली तर कारकुनाचीच चूक धरली जाई.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. हे सगळे सवयीचे बोल, त्यांत एवढा अर्थ कोण भरतो? सकाळी उठून रामराम म्हणणारा शेतकरी समाजशास्त्र मांडत नसतो, हे खरेच. पण जिथे पायरी ओलांडण्याचा प्रयत्न झाला, तिथे ही निरागस सवय एकदम राजकारणाचा विषय झाली. अठराव्या शतकात सोनारांनी आपसांत ‘नमस्कार’ म्हणावे की नाही, यावर वाद पेटला. नमस्कार हा ब्राह्मणांचा हक्क मानला जाई. पेशव्यांच्या राज्याचा दाब असा, की मुंबईच्या ईस्ट इंडिया कंपनी सरकारनेही ९ ऑगस्ट १७७९ रोजी मुंबईतल्या सोनारांना नमस्कार हा शब्द वापरण्यास मनाई केली. परमुलखातून व्यापाराला आलेली कंपनी, तिला कोण कोणाला काय म्हणतो याच्याशी काय कर्तव्य? तरीही हुकूम निघाला. नाशिक तेव्हा पेशव्यांच्याच मुलखात होते, आणि ते १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेले म्हणून गावकीतले बोल त्या दिवशी बदलले नाहीत. नुसत्या सवयीसाठी कोणी सरकारदरबारी जात नाही. हुकूम काढावा लागतो तो मोलाच्या वस्तूसाठी.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. उलट तसाच न येणारा प्रत्येक नमस्कार अपमानाचा कसा म्हणायचा? नात वाकून पाया पडते आणि आजी तिला ‘शतायुषी हो’ म्हणते. आजी काही नातीच्या पाया पडत नाही, आणि तिथे कोणाला काही टोचतही नाही. हे मान्य करायलाच हवे. पण वयाचे चाक फिरते. आज वाकणारी नात उद्या कोणाची तरी आजी होते आणि घेतलेला आशीर्वाद पुढे देते, म्हणजे परतफेड उशिरा का होईना, होते. जातीच्या पायरीवर ती कधीच होत नसे. साठी उलटलेल्या महार येसकराने पाटलाच्या पोराला जोहार घालायचा, तिथे वय कामी येत नव्हते. (घराघरांतले ‘अहो’ आणि ‘अगं’ हेही फार काळ न फिरणारेच चाक होते. आता नव्या जोडप्यांत दोन्हीकडून ‘अरे-अगं’ ऐकू येते, तेव्हा कुरकुर होते ती बहुधा जुन्या ‘अहों’कडूनच.)

बरोबरीची अभिवादने या भूमीत नव्हतीच असे नाही. महानुभावांचा ‘दंडवत’ दोन्ही बाजूंनी चालतो. निफाड तालुक्यातल्या सुकेण्यात तो आजही कानावर पडतो. वारकऱ्यांनी तर याहून धिटाई केली. निवृत्तिनाथांच्या पौषवारीला त्र्यंबकेश्वरी दिंड्या येतात तेव्हा ‘रामकृष्ण हरी’ म्हणत दोघेही एकमेकांच्या पाया पडतात, ‘माउली’ या हाकेत जात विचारली जात नाही. पण चंद्रभागेच्या वाळवंटातली बरोबरी मंदिराच्या दारापर्यंतच टिकली. चोखोबांची समाधी पंढरपूरच्या महाद्वारासमोर, दाराबाहेर आहे, आणि ते दार दलितांसाठी उघडायला १९४७ सालचे साने गुरुजींचे उपोषण लागले. बोलण्यातली समता आणि वागण्यातला भेदभाव एकाच समाजात, एकाच तोंडी सुखाने नांदू शकतात.

ही काही आपल्याकडचीच खोड नाही. सगळ्यांना एकाच पातळीवर आणणाऱ्या बोलीबद्दल ऑस्ट्रेलियाची ख्याती आहे. तिथे टॅक्सीवाला आणि प्रवासी, पुढारी आणि मतदार एकमेकांना ‘मेट’ म्हणतात. २००५ मध्ये कॅनबेराच्या संसद भवनातल्या सुरक्षारक्षकांना हा शब्द वापरायला मनाई झाली, तेव्हा एवढा गदारोळ उठला की दिवसभरात ती मागे घ्यावी लागली. १९९९ मध्ये राज्यघटनेला जोडायच्या प्रास्ताविकेच्या मसुद्यात ‘मेटशिप’ घालण्याचाही प्रयत्न झाला होता. पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या दोस्तीचे गोडवे गाणारा कामगार पुढारी विल्यम लेन हाच चिनी मजुरांना देशात येऊ देऊ नये म्हणून लिहीत होता. तिथल्या मूळ रहिवाशांना राष्ट्राच्या जनगणनेत धरण्यासाठी १९६७ चे सार्वमत व्हावे लागले. दोस्ती होती, दोस्त कोणाला म्हणायचे हे आधीच ठरलेले होते.

नाशकातल्या लढ्याने मात्र वेगळी वाट धरली. आपल्याला आत घ्या, ही विनवणी वर्षानुवर्षे बंद दाराशी थांबली. १९३४ मध्ये बाबासाहेबांनी गायकवाडांना सत्याग्रह थांबवण्याविषयी लिहिले, आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातल्या येवल्यात त्यांनी हिंदू म्हणून मरणार नसल्याचे जाहीर केले. त्याच सुमारास ‘जयभीम’ रूढ होऊ लागला. त्याचे श्रेय कामठीच्या बाबू हरदासांना दिले जाते. नाशिक जिल्ह्यात तो घरोघरी रुजवण्यात शाहिरांचा वाटा मोठा होता. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक हे त्यांतले ठळक नाव. रामराम वाट्याला येण्याची वाट पाहण्याऐवजी दोन्हीकडून सारखा येणारा बोल स्वतःच घडवणे, ही या जिल्ह्याच्या सामाजिक इतिहासातली मोठी घटना मला वाटते. जमिनीचा किंवा पाण्याचा हक्क मिळायला इतरांची संमती लागते, निदान कायदा लागतो. अभिवादन बदलायला दोन माणसे पुरतात.

आता इथे कोणी म्हणेल, त्याने जात कुठे गेली? उलट ‘जयभीम’ ऐकताच समोरचा जात ओळखतो, भाडेकरू ठेवायचा की नाही ते ठरवतो. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण दोष बोलणाऱ्याच्या तोंडात नाही, ऐकणाऱ्याच्या तोच बोल परत न देण्यात आहे. जयभीमला जयभीमनेच उत्तर देणारा सवर्ण अजूनही विरळा, बहुतेक जण ‘नमस्कार’ म्हणून वेळ मारून नेतात.

शब्द स्वतः निर्दोष असतो, याचा पुरावा नाशिकच्या पश्चिमेला आहे. सुरगाणा, पेठ, त्र्यंबक या पट्ट्यातल्या आदिवासींत गेल्या काही वर्षांत ‘जय जोहार’ मोठ्या अभिमानाने म्हटला जातो. महारांनी जो टाकला तोच हा बोल. इथे तो मान वर करून घातला जातो आणि तसाच परत येतो.

शहरात दुसरीच तऱ्हा. भाऊसाहेब, दादासाहेब, तात्यासाहेब अशा हाका नाशिकच्या शिक्षणसंस्थांत आणि सहकारात पिढ्यान्‌पिढ्या घुमल्या. आधी भाऊ म्हणून जवळ घ्यायचे आणि लगेच साहेब जोडून चार हात दूर उभे राहायचे, ही आपली खास मराठी कसरत. कुसुमाग्रजांना सारे गाव तात्यासाहेब म्हणे. तो प्रेमाचा मान होता हे खरे, पण शिपायाला ‘शिपाईसाहेब’ म्हटल्याचे फारसे ऐकिवात नाही. सरकारी कचेऱ्यांत तर ऑक्टोबर २०२२ पासून फोनवर ‘हॅलो’ऐवजी ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचे परिपत्रक आहे, सक्तीचे नसले तरी. फोन उचलणाऱ्याने काय म्हणावे याची काळजी त्यात घेतलेली दिसते. पलीकडचा अर्जदार ‘साहेब’ म्हणाला, तर त्याला उलट काय म्हणावे याबद्दल त्यात अवाक्षर नाही.